तेरा राजे आणि एक नाव

बर्मिंगहॅममधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मी इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा माझी पात्रता एकच होती, गुरुवारी दुपारी मी रिकामी असायचे. नवरा हॉस्पिटलात, लेक शाळेत आणि धुणं मशीनमध्ये. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. बोटींतून निघून, हाँगकाँगच्या छावणीत दिवस काढून आलेली व्हिएतनामी माणसं शहरात स्थिरावत होती, आणि त्यांना शिकवायला जो हात वर करेल तो हवाच होता.

पहिल्याच तासाला मी मोठ्या झोकात फळ्यावर लिहिलं, ‘माय हजबंड्स नेम इज’, आणि खडू धरून तशीच उभी राहिले. माझ्या नागपूरच्या आईने जन्मात बाबांचं नाव घेतलं नव्हतं. मी स्वतःला भारी मॉडर्न समजायचे, पण लग्नाला आठ वर्षं होऊनही माझी गाडी ‘अहो’च्या पुढे गेली नव्हती. शेवटी मी ‘डॉक्टर’ लिहून मोकळी झाले. पहिल्या रांगेतली साठीची एक बाई हसली. तिनेही वहीत तेच वाक्य अर्धं सोडलं होतं. त्या दिवसापासून मी तिला मावशी म्हणायला लागले.

मावशी ह्युएची. व्हिएतनामच्या शेवटच्या राजघराण्याची राजधानी ती. तिचे वडील दरबाराचे कपडे शिवायचे, त्यामुळे त्या घराण्याचे तेराही राजे तिला घरच्या माणसांसारखे माहीत होते. भूतकाळ शिकवायचा असला की मी तिला उभं करायचे. पहिल्या राजाने देश एक केला. दुसऱ्याला शंभरावर मुलं झाली. चौथ्याला बायका भरपूर, मूल एकही नाही. पाचवा तीन दिवस राजा होता.

“थ्री डेज?” मी विचारलं.

“थ्री डे,” मावशी म्हणाली. “देन प्रिझन.”

पुढच्या वर्षभरात इतके राजे बदलले की माझा फळा पुरेना. शेवटच्याने शिक्का आणि तलवार नव्या सरकारच्या हाती दिली आणि पुढे फ्रान्सला जाऊन राहिला. हे सांगताना ती अशी चिडायची, जणू सकाळीच घडलंय.

गंमत म्हणजे या तेरांतल्या एकाचंही नाव तिने घेतलं नाही. पहिला, दुसरा, तिसरा, बस. राजाचं खरं नाव उच्चारायचं नाही आणि लिहायचंही नाही, असा त्या घराण्याचा दंडक होता. एका राजाच्या आईच्या नावाचा अर्थ फूल होता. झालं, फुलासाठी लोकांना वेगळा शब्द वापरावा लागला आणि शहराच्या एका वेशीचं नावही बदललं. दरबाराचं बघून घराघरांत तेच. वडिलांचं, सासऱ्यांचं, नवऱ्याचं नाव कोणी घ्यायचं नाही.

बोटीत चढताना मावशीचा नवरा किनाऱ्यावरच्या गर्दीत मागे राहिला होता. ताटातूट झालेल्यांना शोधून देणाऱ्या एका ऑफिसमार्फत ती पाच वर्षं त्याला शोधत होती. दर वर्षी पत्र यायचं, असा माणूस सापडत नाही. एकदा ती पत्रं तिने मला वाचायला दिली. मी नवऱ्याच्या नावाच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, “हे नाव त्यांचं ना?”

“नो,” मावशी म्हणाली. “बेबी.”

मग हळूहळू उलगडा झाला. तिच्याकडे नवरा-बायको एकमेकांना पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. त्यांचं पहिलं आणि एकुलतं बाळ अकरा महिन्यांचं असताना वारलं, पण हाक तीच राहिली. छावणीतल्या कारकुनाने विचारलं, नवऱ्याला काय म्हणता? तिने खरं ते सांगितलं. पाच वर्षं ते ऑफिस त्या बाळालाच शोधत होतं. बरं, तिच्याबरोबर बोटीतून आलेल्या पुतण्याला विचारावं, तर त्याला ‘चौथे काका’ एवढंच ठाऊक. नाव माहीत असलेली ती एकटीच होती.

मला राग आला. कारकुनाचा, तिचा, त्या तेरा राजांचाही. “मावशी, घ्या ना एकदा नाव,” मी म्हटलं.

“टीचर, यू से. युअर हजबंड.”

मी पत्रांच्या घड्या घालायला लागले.

घरी हे सांगितलं तर नवरा आमटी ओरपत म्हणाला, “अगं, लग्नात घेतलंस की माझं नाव. उखाण्यात चालतं ना? तेव्हा कुणी ऑब्जेक्शन घेतलं नव्हतं.”

हा माणूस क्वचित कामाचं बोलतो. पुढच्या गुरुवारी मी वर्गाला उखाणा म्हणजे काय ते समजावलं आणि पदर खोचून सुरू केलं:

ह्युएच्या वेशीवर तेरा राजांचा पहारा,
—रावांचं नाव घेते, फॉर्म तेवढा भरा.

नाव मी तेव्हा घेतलं. इथे लिहीत नाही, सवय. मावशीला मी अर्थ सांगितला. ती हसली नाही. तिने वहीत काहीतरी टिपून घेतलं.

पंधरा दिवसांनी ऑफिसची बाई नवा फॉर्म घेऊन आली. मावशी उठली, ब्लाउज सारखा केला आणि आपल्या भाषेत दोन ओळी म्हणाली. दुसरीच्या शेवटी आवाज अगदी खाली गेला. मग तोंडावर हात ठेवून ती खाली बसली. पुतण्याने काकांचं नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं आणि बाईला लिहून दिलं. मला रडू आवरेना.

ते सापडले. ह्युएतच होते. कागदपत्रांत आणखी दोन वर्षं गेली आणि एका सकाळी पुतण्याच्या गाडीतून आम्ही तिघं हीथ्रोला पोचलो. मी काकांचं पूर्ण नाव ठळक अक्षरांत लिहिलेला बोर्ड धरून सगळ्यांत पुढे उभी होते. पांढऱ्या केसांचे, कापडी पिशवी छातीशी धरलेले एक गृहस्थ बाहेर आले. त्यांनी बोर्ड नीट वाचला आणि दुसऱ्याच कुणाचं नाव असावं तसे सरळ पुढे निघून गेले.

मग मावशीने हाक मारली. ओरडली नाही, बाळाला उठवावं तशी हळूच. अकरा महिन्यांच्या त्या बाळाच्या नावाने. ते जागच्या जागी थांबले आणि वळले.