पायलट खाली उतरला नाही
रॉकेलचा वास आला की मला विमानतळावरचे आमचे इंधन भरणारे दादा आठवतात. भरण्याआधी ते काचेच्या बरणीत थोडं इंधन काढून, त्यात पाणी-कचरा नाही ना हे दिसावं म्हणून उन्हात धरत. पायलट खाली उतरून ते निरखून बघे आणि मान हलवे, मगच दादा नळी जोडत. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशीच आमचं टॅबवरचं काम सुरू झालं. दादा हळूच म्हणाले, "साहेब, मंडळी आलीय सातपूरहून. कुंपणापलीकडे उभी आहे. तिला सांगून ठेवलंय, माझी बरणी बघितल्याशिवाय पायलट विमान हलवत नाही." मी टॅबवरची नजर न काढता म्हणालो, "आता बरणीचा फोटो टॅबवर टाकायचा, दादा. त्याला वर बसल्या बसल्या दिसतो." त्यांनी फोटो टाकला, इंधन भरलं, विमान गेलं. सुटी झाल्यावर फाटकाबाहेर वहिनींनी विचारलं, "अहो, तो पायलट तर उतरलाच नाही?" दादा हसून म्हणाले, "आता विश्वास बसलाय त्याचा माझ्यावर." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे, वहिनी," एवढंच मी म्हणायचं होतं. मी गाडीची किल्ली शोधत राहिलो. आज दादा नाहीत, आणि वहिनींना जाऊन ते 'खरं आहे' म्हणायचं धाडस मला अजून होत नाही.