मला कळेपर्यंत इंग्रजी नाही

हरेश्वर गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरजवळच्या माहीमला, माझ्या वाडीत चिकू निवडत बसलो होतो. "मास्तर गेले," पलीकडचा रडत म्हणाला. मी "बरं" म्हटलं आणि उरलेली पाटी निवडून मगच उठलो. माझ्या बायकोचा हा सख्खा भाऊ. मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. तसं केलं तर ह्याच्याबद्दल कोरं पानच छापावं लागेल.

बोईसरला एका दुकानाच्या माळ्यावर तो इंग्रजीचा क्लास चालवायचा. शोकसभेत जो तो उठून सांगत होता, मास्तरांनी आम्हाला कुठल्या कुठे पोचवलं. पोचवलंच की! माझी एकुलती एक केतकी त्याने जर्मनीला पोचवली. मागे घरात कोण राहिलं, ते त्या सभेत कोणी विचारलं नाही. माणूस तसा उद्धटच. बहिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्याच, दहाव्याला कावळा शिवत नव्हता, सगळे तोंड पाडून उभे... आणि हा कोणाच्या तरी 'हार्ट अटॅक'चा उच्चार दुरुस्त करत होता.

बायको गेल्यावर घरात मी आणि केतकी, दोघंच. तिचं शिक्षण नॅनो टेक्नॉलॉजीचं, म्हणजे डोळ्याला दिसत नाही एवढ्या बारीक वस्तूंची विद्या. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी दिसणारं घर सोडायचं, हे मला आजही पटत नाही. परदेशातल्या मुलाखतीसाठी तिला त्या विषयाचं इंग्रजी हवं होतं. हरेश्वरने अट घातली, बापाला घेऊन ये. फळ्यासमोर एक लाकडी स्टूल मांडून मला बसवलं.

"भावजी, पोरगी तुमाला आपल्या भाषेत सांगेल. तुमाला कळलं तर मी त्याचं इंग्रजी देनार. नाय कळलं, तर नाय."

"माझी शाळा चौथीपर्यंत. मला कशाला बसवतो?"

"म्हनूनच. शिकलेले लोक नाय कळलं तरी मान डोलवतात. तुमाला ती लाज नाय."

अपमानच होता. तरी बसलो. मला काही कळणार नाही आणि पोर घरी राहील, असा माझा हिशेब. सुरुवातीला खरंच काही कळलं नाही, आणि मी ते मोठ्याने सांगितलं. फळा कोरा, केतकी रडकुंडीला. मग एकदा तिने पिशवीतून अळवाचं पान काढलं, आमच्याच न्हाणीमागचं, आणि त्यावर पाणी ओतलं. थेंब गडगडत, धूळ गोळा करत खाली पडला. "बाबा, ह्या पानावर बारीक बारीक उंचवटे हायत, दिसत नाय इतके. थेंब त्यांच्या टोकांवरच राहतो, चिकटायला जागाच नाय. तसे उंचवटे मी काचेवर बनवते. पाऊस पडला की काच आपोआप धुतली जाईल." जन्मभर मी ते पान खुडत आलो होतो. तोंडातून निघून गेलं, "आयला, कळलं की!"

"झालं," हरेश्वर म्हणाला आणि खडू चालायला लागला. सेल्फ क्लीनिंग सरफेस. कोटिंग. शेवटी म्हणे एक झोकदार वाक्य टाकायचं, 'टिप ऑफ द आइसबर्ग'. म्हणजे समुद्रातला बर्फाचा डोंगर, वर थोडा दिसतो, पाण्याखाली खूप. मी म्हटलं, "मुरबे बंदरातल्या नाखव्याला विचार. पाण्याखालचा खडक दिसला नाय तर होडी फुटते. हे काय मिरवायचं वाक्य हाय?" केतकी हसली. हरेश्वरने ते पुसलं. आयुष्यात त्याने माझं एवढंच ऐकलं.

तिला नोकरी लागली, ती गेली. मी हरेश्वरला म्हटलं, "माझ्याच तोंडातून माझी पोर काढून घेतलीस." तो माझाच चिकू न विचारता सोलत होता. म्हणाला, "मग कळलं नाय म्हनायचं होतं, भावजी." त्या दिवसापासून मी त्याला उंबरा ओलांडू दिला नाही. मेला तेव्हाही आमचं बोलणं बंदच होतं.

क्लास रिकामा करताना जागेचा मालक ते स्टूल भंगारात देत होता. मी उचलून आणलं. माझ्यानंतर त्यावर आणखी किती बापांना बसवलं असेल, कोण जाणे... ओटीवर ठेवलंय. परवा केतकीचा फोन आला. तिकडे मोठ्या सभेत नव्या कामाबद्दल इंग्रजीत बोलायचंय. "बाबा, आधी तुमाला सांगते. मामाने लावलेली सवय." मी स्टुलावर बसलो. ती सांगत गेली आणि पहिल्या दमातच सगळं डोक्यात उतरलं.

"कळलं, बाबा?"

"नाय," मी म्हटलं. "परत सांग."