उजवा कौल

धाकट्या डहाणूच्या चंद्रावतीला देवळांचं वेड लागलंय, असं सगळं गाव म्हणायचं. म्हणेनात का! वेडबिड काही नव्हतं. तिचा नवरा समुद्रावरून परत आला नव्हता, आणि तो जिवंत आहे की नाही एवढंच तिला देवाकडून वदवून घ्यायचं होतं. माणसांकडून कळेना म्हटल्यावर बाईने जायचं तरी कुठे?

झालं होतं असं. साल एकोणीसशे बावन्न, महिना भादव्याचा. नारू आणि त्याचा धाकटा भाऊ भिकू, दोघंच होडी घेऊन उत्तरेला गेले आणि वादळात सापडले. पुढे भिकू एकटाच किनाऱ्याकिनाऱ्याने चालत घरी आला. कपाळ फुटलेलं, डावी भिवई मधोमध चिरलेली. होडी झाईच्या खडकावर आपटली, म्हणाला. "वहिनी, मी धरलं होतं गं त्याला. हात सुटला." एवढं बोलून असा काही रडला, की चंद्रावतीलाच उठून त्याला पाणी द्यावं लागलं. नारूचं प्रेत मात्र कुठे लागलं नाही.

आता प्रेतच नाही, तर विधवा कसं म्हणायचं? तिच्या लोकांची रीत अशी, की समुद्रात गेलेल्याची बारा वर्षं वाट बघायची. तोवर बाईचं कुंकू तिच्या कपाळावर. बारा वर्षं भरली की पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, भावाने त्याला अग्नी द्यायचा आणि मग कुंकू पुसायचं. मध्येच धीर सुटला तर देवाला कौल लावायचा. देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओली फुलं चिकटवायची. उजवं आधी पडलं तर माणूस आहे, डावं पडलं तर नाही. डावं पडलं की बाई मोकळी, पाट लावून दुसरं घर करायला कुणाची ना नाही.

चंद्रावती तेव्हा ऐन पंचविशीतली. मूलबाळ नाही. तिने पहिला कौल गावच्या देवीला लावला, तो उजवा पडला. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला लावला, तोही उजवा. पण तिथे चैत्रात मुंबईपासूनची माणसं लोटतात. एवढ्या गर्दीत आपलं म्हणणं आईच्या कानी पडलंच नसेल, असं तिच्या मनाने घेतलं. तिथून पुढे ती असले देव शोधू लागली, ज्यांच्याकडे कुणी फिरकत नाही. चारोटीच्या आतल्या अंगाला नदीकाठचा एक महादेव, ज्याच्या डोक्यावर छप्परही नव्हतं. एका पाड्यावरची आई, तिचं देऊळ म्हणजे चार खांब आणि वर गवत. बाभळीखालचा एक मारुती, त्याला शेंदूर कधी लागला होता ते त्यालाच ठाऊक. या देवांना कामं कमी, ते नीट ऐकून घेतील, हा तिचा हिशेब. आणि सगळ्यांनी एकच सांगितलं. उजवा. आहे.

या सगळ्या फेऱ्यांत तिच्याबरोबर कोण, तर भिकू. नारळाची पिशवी याच्या हातात, पाण्याचा तांब्या याच्या हातात. ती पायरीवर बसून डोळे मिटायची, तेव्हा हाही मागे हात जोडून उभा. असा दीर मिळायला भाग्य लागतं, असं बायका म्हणायच्या, आणि चंद्रावतीलाही ते पटायचं. त्याची बायको मालू तोंडाची फटकळ, पण तीही या बाबतीत कधी काही बोलली नाही. बोलेल कशाला? चंद्रावती पहाटेपासून मासळी सुकवायची, बाजार करायची, मालूच्या पोरांना न्हाऊमाखू घालायची. नारूने लग्नानंतर मोठ्या हौसेने जुन्या जाळ्याच्या सुताची एक झोळी विणली होती, होणाऱ्या बाळासाठी. ती आढ्याला रिकामीच टांगलेली होती. शेवटी तिच्यात मालूची पोरं झोपली आणि चंद्रावतीने त्यांना झोके दिले.

मध्ये एकदा तिचा भाऊ मोतीराम चिंचणीहून एक स्थळ घेऊन आला. माणूस चांगला, बायको वारलेली, घरची होडी. "किती दिवस अशी लोकांची भांडी घासणार?" मोतीराम म्हणाला. चंद्रावतीचं मन हललं होतं, खोटं कशाला बोला. ती रात्रभर तळमळली आणि सकाळी भिकूला म्हणाली, "भावजी, तुम्ही काय म्हणता? तुमचा शब्द मी मोडणार नाही."

भिकूने मान खाली घातली. "वहिनी, मी काय सांगू. देवाने उजवा दिलाय. उद्या दादा दारात उभा राहिला तर त्याला काय सांगायचं?"

झालं. चिंचणीचा माणूस गेला. वर्षभरात त्याने दुसरी केली.

एकच दिशा भिकू टाळायचा. तलासरीच्या पुढे उधव्याकडे जाऊ या म्हटलं की त्याचं काहीतरी निघायचंच. कधी पाय दुखतो, कधी रस्ता खराब, कधी म्हणे, "तिकडचे देव गुजरातीत बोलतात, आपलं गाऱ्हाणं त्यांना काय कळणार?" यावर चंद्रावतीसुद्धा हसायची.

बारावं वर्ष लागलं. वैशाखात ती सुकी मासळी घेऊन तलासरीच्या बाजाराला गेली होती, एकटीच, कारण भिकू होडीवर. पावसाळ्याची बेगमी करायला लोक सुकी मासळी नेतात, पण त्या दिवशी गिऱ्हाईक कमी आणि टोपली निम्मी भरलेली. एकजण म्हणाली, उधव्याला जा, तिकडे हातोहात खपेल. ती गेली. मासळी खपली. आणि इतक्या लांब आलोच आहोत तर म्हणून तिने तिथल्या देवाची चौकशी केली.

गावाबाहेर टेकडीवर सातआई होती. सात दगड, वर कौलांचं छप्पर आणि झाडलोट करणारी एक म्हातारी, शुक्री. आईला मुलाचा नवस बोलतात आणि तो फळला की लाकडाचा हातभर पाळणा आणून टांगतात, असं शुक्रीने सांगितलं. छपराला असे कितीतरी पाळणे लटकत होते. चंद्रावती ओल्या फुलांना हात घालणार, तेवढ्यात तिची नजर वर गेली.

सगळे पाळणे लाकडाचे. एक मात्र सुताचा. झाडाच्या सालीत उकळलेलं तांबूस सूत, जाळ्याचं असतं तसंच. समुद्र जिथून दिसतही नाही, अशा गावात कुणीतरी जाळ्यासारखी विणलेली चिमुकली झोळी टांगली होती.

ती उठली आणि गाठीला हात लावला. नारू डावरा होता. त्याची गाठ सगळ्यांच्या उलट बसायची, त्यावरून मित्र त्याची टिंगल करायचे. लग्नानंतर कितीतरी संध्याकाळी त्याच्यासमोर बसून तिने सूत धरलं होतं. दुसऱ्या कुणाची असती तर तिला कळली नसती. ही कळली.

अरे नारू, लपायचं होतं ना तुला? मग चार लोकांसारखा सुताराकडून पाळणा करून टांगायचा होतास. पण मूल झालं म्हटलं की हाताने सूतच घेतलं. कोळ्याच्या पोराला पाळणा म्हणजे दुसरं काही सुचतच नाही, त्याला तो तरी काय करणार.

"हा कुणाचा?" तिने विचारलं. आवाज नेहमीचाच निघाला, याचं तिलाच नवल वाटलं.

"लाडकीच्या घरवाल्याचा," शुक्री म्हणाली. "गवताच्या वखारीत असतो. दर्याकडचा आहे. लय वर्सं मूल नव्हतं त्यांना, आता पोरगी झाली. या चैतात बांधला. त्याचा भाऊ पण आलेला, सगळ्यांना मासळी वाटली. हळद चोळून सुकवलेली मुशी, बाई, असली मी कधी खाल्ली नव्हती."

चंद्रावती खाली बसली. हळद चोळून मुशी सुकवायची तिची स्वतःची पद्धत होती, सासरी दुसरं कुणी तसं करत नव्हतं. चैत्रात भिकूने एक मोठं पुडकं बांधून मागितलं होतं, एका सोयऱ्याला द्यायचंय म्हणून. चांगली चांगली निवडून तिनेच बांधून दिली होती.

"भाऊ कसा दिसतो?"

"भिवई चिरलेली आहे बघ, या बाजूची," म्हणत शुक्रीने स्वतःच्या डाव्या भिवईवर बोट ठेवलं. मग फुलांकडे बघून म्हणाली, "कौल लावायचाय ना तुला?"

"नको. मिळाला."

टेकडीखाली आंब्याशेजारी एक घर होतं. शुक्रीने तेच दाखवलं. दोरीवर लहान मुलीची झबली वाळत होती. चंद्रावतीला वाटलं, खाली जावं, त्याच्या दारात उभं राहावं, शिव्या घालाव्यात. संताप तर होताच. पण नारूवर जितका, त्याहून भिकूवर जास्त. नारू एकदाच पळून गेला. भिकू दर वेळी बरोबर आला होता, नारळाची पिशवी घेऊन, हात जोडून. देव बिचारे पहिल्यापासून खरं सांगत होते. आहे, म्हणत होते. मग कुठे आहे, हा दुसरा प्रश्न तिनेच कधी विचारला नव्हता, आणि ज्याला विचारायचा तो तर पाठीशीच उभा होता.

ती घरी आली आणि कुणाला काही बोलली नाही. पावसाळाभर गप्प राहिली. भिकूला पानात वाढलं, त्याची पोरं आजारी पडली तेव्हा उशाशी बसली. तो स्वतःहून सांगेल, आज सांगेल, उद्या सांगेल, अशी तिला वेडी आशा होती. नवऱ्याची वाट बघायची सवय झालेली बाई, आता ती दिराच्या एका शब्दाची वाट बघू लागली. तो शब्द आला नाही.

भादव्यात बारा वर्षं भरली. गावातली जाणती माणसं अंगणात जमली. चिंचणीहून मोतीरामही आला. सगळ्यांत वडीलधारे तात्या म्हणाले, "चंद्रावती, तू सांगशील तसं."

"पुतळा करा," ती म्हणाली.

भिकू चुळबुळला. "तात्या, घाई कशाला? देवाने उजवा दिलाय. जिवंत माणसाला अग्नी दिला तर पाप लागेल."

"कौलाचं राहू द्या, भावजी," चंद्रावती म्हणाली. "देव काही त्या होडीत नव्हता. तुम्ही होतात. तुम्ही सांगा, मी ऐकते. हात सुटला ना त्यांचा?"

सगळे भिकूकडे बघू लागले. मालू दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. चंद्रावती त्याच्या तोंडाकडे एकटक बघत राहिली. अजूनही त्याने खरं सांगितलं असतं तर तिने त्याला माफ केलं असतं, ती तशीच होती.

"सुटला," भिकू म्हणाला.

त्याच्या डोक्यावरचे केस उतरवले. ओल्या पळसाच्या पानांनी पेट घेता घेईना, धूर फार झाला. आपल्या जित्याजागत्या भावाला भिकूने किनाऱ्यावर अग्नी दिला आणि समुद्रात बुडी मारून आला. तोवर चंद्रावतीने कुंकू पुसलं होतं, आणि मोतीरामने तिचं बोचकं उचललं होतं.

ओलेत्याने येणाऱ्या भिकूसमोर ती उभी राहिली. त्याच्या हातात तिने कापडात बांधलेलं एक पुडकं ठेवलं. हळदीचा वास येत होता.

"उधव्याला जाल तेव्हा घेऊन जा," ती हळूच म्हणाली. "पोरीला आता दात आले असतील."

मग ती मोतीरामच्या मागोमाग चिंचणीच्या वाटेला लागली.