बदामीला मी एकटी

मी एकटी कुठे जाणार म्हटलं की आमच्या घरात गाडी ठरते. बारा सीटची की सतरा सीटची, एवढाच काय तो प्रश्न उरतो.

कोपरखैरण्याच्या गावठाणात आमचं घर आहे. वडील गेल्यापासून तळमजल्यावर आई आणि मी, वरच्या तीन मजल्यांवर तीन काका आणि त्यांची माणसं. आम्ही आगरी लोक देवीला जातो तेही अख्खी भावकी घेऊन. एकटीनं जाणं म्हणजे भांडून जाणं, असाच आमच्याकडे अर्थ होतो. छत्तीस वर्षांत मी खोलीत एकटी झोपले नव्हते. लग्न केलं नाही, तर आधी चुलतबहिणी आणि आता त्या माहेरपणाला आल्या की त्यांच्या मुली माझ्या अंथरुणात पाय घालून असतात. खारघरच्या एका कॉलेजात मी लॅब सांभाळते. सुट्ट्या साठत जातात आणि भावकीच्या हळदींमध्ये संपतात. मला फक्त चार दिवस हवे होते, ज्यात कुणाच्या उलटीसाठी पिशवी धरायची नाही आणि कोण मागे राहिलं म्हणून डोकी मोजायची नाहीत.

पहिल्यांदा महाबळेश्वर ठरवलं. रविवारी मोठ्या काकीनं भाजी निवडता निवडता ऐकलं, बुधवारपर्यंत अकरा जण झाले. माझी एक खोली मीच रद्द केली आणि चार खोल्या घेतल्या. दुसऱ्यांदा कुणाला काही न सांगता अलिबाग गाठलं. किनाऱ्यावर चहा घेऊन बसते न बसते तोच मागून आवाज, "तू कोपरखैरन्याची ना?" आत्याच्या जावेचा भाऊ निघाला. त्यानं मला घरी नेलं, जेवायला वाढलं आणि मी त्याच्याकडे सुखरूप आहे असं आईला फोन करून कळवलं. इतका चविष्ट जिताडा मासा मी तोवर खाल्ला नव्हता, आणि घासागणिक रडू येत होतं. रायगड जिल्ह्यात मला अनोळखी होऊन बसायला हातभर जागा नाही. म्हणून मग थेट कर्नाटकातली बदामी निवडली. त्या बाजूला आमच्या भावकीतली एकही मुलगी दिलेली नाही, याची आडून आडून खात्री करून घेतली होती.

घरात सांगितलं तेव्हा काकी म्हणाली, "आमी नको झालो काय तुला?" धाकटे काका म्हणाले, "लांब हाय, मोठीच गारी करू." आई काहीच बोलली नाही, भाकरी थापत राहिली. तिचं ते गप्प बसणं सगळ्यांत जास्त डोक्यात गेलं. मी ओरडले. म्हटलं, मला गाडी नको, सोबत नको, आणि तिथे असताना फोनसुद्धा नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाशीच्या हायवेवर मला विजापूरच्या बसमध्ये बसवायला नऊ जण आले, सगळे तोंडं पाडून. कंडक्टर त्यांनाही आत चढायला सांगत होता.

आणि बदामीत तरी काय? पहिला दिवस नुसता वैतागात गेला. लॉजवाल्यानं तीनदा विचारलं, "साहब बाद में आएँगे क्या?" खानावळीत चौघांच्या टेबलावर बसले, तर वाढपी फिरकेच ना. बाकीचे येतील म्हणून तो थांबला होता. बॅग कुणाकडे सोपवून बाथरूमला जायचं ते कळेना, शेवटी पाठीवर घेऊनच गेले. दुसऱ्या दिवशी लेणी बघून वर लाल दगडाच्या सावलीत बसले आणि जवळजवळ दोन तास मला कुणी हाक मारली नाही. खाली तलावावर बायका कपडे धूत होत्या. मी काहीही करत नव्हते. इतकी खूश मी याआधी कधी होते, आठवत नाही. मग एका माकडानं माझी केळी पळवली, मला हसू फुटलं, आणि हसून बाजूला बघावं तर बघायला कुणी नाही. त्याचाही राग आला. शिवाय घरून एक फोन नाही. मी नको म्हटलं म्हणून सतरा माणसांतल्या एकानंही करू नये, याला काय म्हणायचं?

तिसऱ्या दिवशी दुपारी मीच आईला फोन लावला, भांडायच्या तयारीनं. पलीकडे नेहमीचा गोंगाट नव्हता. ती गच्चीवर गेली होती. हळू आवाजात म्हणाली, "एकली जेवताना कसा वाटतं गो?"

मला वाटलं टोमणा मारतेय. पण ती खरंच उत्तराची वाट बघत होती. माहेरी नऊ भावंडं, सासरी हे चार मजले. बासष्ट वर्षांत तिनं एकटीनं ताट वाढून घेतलं असेल असं मला वाटत नाही. मग मी तिला सगळं सांगितलं. वाढपी, बॅग, माकड, आणि पाट्या कानडीत असल्यामुळे भलत्याच बसमध्ये बसून कुठल्या तरी गावाला जाऊन आले तेही. वर सावलीत बसले होते ते दोन तासही सांगितले. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मना पन जावाचा हाय," ती म्हणाली.

"चल ना. पुढच्या वेळी तुला घेऊन येते."

"तू नको. मी एकलीच जाईन."

"तू?" मी म्हटलं. "अगं, तुला तिथल्या पाट्या तरी वाचता येतील का?"

"तुला आल्या काय?"

तेवढ्यात खालून कुणीतरी तिला हाक मारली, आणि तिनं फोन ठेवला.