सारजानं ताट पुढं दिलं

लिही श्रेया, सारजाचं लिही. ती माझी धाकटी जाऊ. तवा तू पाळण्यात होतीस. अंगानं काडी, पन मोळी उचलायला गड्याला मागं सारायची. नवरा गेल्यावर जळोचीच्या शिवारातलं रान तिनं एकटीनं सांभाळलं. प्रार्थना तर अशी करायची, ऐकणाऱ्याला वाटावं, देव हिच्या ओसरीवरच टेकलाय.

त्या साली उसाला तोड मिळंना. तोडकऱ्यांची टोळी आज येती, उद्या येती. उसाला तुरं आलं, वजन घटाय लागलं. आता जळका ऊस कारखाना आधी उचलतो, हे आपल्याकडं शेंबड्या पोराला बी ठावं. भर दुपारी सारजाच्या उसाच्या फडाला आग लागली. वारं सुटलेलं. आग बांध वलांडून शेजारच्या भीमाच्या फडात शिरली, आन् तितनं त्याच्या गोठ्यावर.

मल्हार मेंढपाळ बांधालाच मेंढरं चारत होता. तो पळत गोठ्यात शिरला, गाय सोडली. वासराचं दावं सुटंना. वासरू गेलं, आन् मल्हारचा हात कोपरापतुर भाजला. लोकं जमली तवा तितं तो एकटाच हुबा. त्यात बिडी वढणारा. झालं, ह्याच्याच बिडीनं पेटलं म्हनली समदी. भाजलेला हातच पुरावा झाला. बिचारा सांगून सांगून दमला.

सारजा त्या दिसापासनं जेवंना. दार लावून देवापुढं रडायची. मला वाटायचं, ऊस जळाला म्हनून.

मग तो आयतवार आला. भीमाच्या अंगणात बैठक ठरलेली. ठराव असा, मल्हारची मेंढरं कुणीबी रानात बसवायची न्हाईत, त्याला शिवारातनं काढायचं. आता मेंढरं बसली तर शेताला लेंडीखत आन् धनगराला दाणं. तेच बंद केलं तर त्यानं पोरंबाळं जगवायची कशी?

त्याच वक्ताला आमच्या ख्रिस्ती आळीतल्या देवळात प्रभुभोजन होतं. पाळकसाहेब रीतीपरमाणं थांबले. म्हनले, कुणी पाप दडवलं आसंल तर आधी कबूल करा, मग भाकर घ्या. भाकरीचं ताट वळीनं फिरत सारजाच्या हातात आलं. ती नुसती बघतच बसली. मागच्या वळीतली आळीतलीच सुकन्या पुटपुटली, "मावशे, एकटीलाच हाय व्हय समदी?"

सारजानं ताट माझ्याकडं दिलं. भाकर घेतली न्हाय. उठली आन् तशीच अनवाणी भाईर पडली.

मी मागं धावले. वाटंत गाठलं तवा म्हनली, "आक्का, फड म्या पेटवला."

माझं पायच थबकलं. तोड लवकर यावी म्हनून तिनं आपल्या फडाचं टोक पेटवलं, आन् वाऱ्यानं घात केला. मी म्हनलं, देवाला सांगितलंस न्हवं, तो माफ करतो. आता गप ऱ्हा, पोलीस नेतील.

"देवाला ठावंच होतं, आक्का. ज्यांना ठावं न्हाय त्यांना सांगायचं राह्यलंय."

भीमाचं अंगण माणसांनी भरलेलं. मल्हार हात फडक्यात गुंडाळून, मान खाली घालून बसलेला. सारजा मधोमध हुबी राह्यली.

"आग म्या लावली, भीमाभाऊ. मल्हार तुमची गाय सोडत होता, ते म्या बघितलं. बघून गप बसले. मी पापी हाय. पोलिसात द्यायचं तर द्या. वासराच्या बदल्यात माझी कालवड घेऊन जावा."

भीमा दात खात उठला. मला वाटलं, हात उगारतोय. मी डोळं मिटलं. उघडून बघती तर तो पाठ फिरवून जळक्या गोठ्याकडं चाललेला.

मल्हारच पयला बोलला. "बस, सारजाबाई. मी बिडी सोडायला निघालो होतो. आता न्हाय सोडली तरी चालंल." कुणी हासलं न्हाय. सारजा मातर तितंच खाली बसली, आन् त्याच्या फडक्यावर कपाळ टेकून रडली.

दुपारी पाळकसाहेब राह्यलेली भाकर घेऊन सारजाच्या घरी आले. तिनं दोन्ही हातांनी घेतली.

त्या साली मल्हारची मेंढरं पयली सारजाच्याच रानात बसली. पन ते नंतरचं. त्या सांजंला भीमा दारात आला. राम राम न्हाय, काय न्हाय. कालवडीचं दावं सोडलं आन् निघाला. उंबऱ्याच्या पल्याड तो पाठमोराच थांबला.

"हिला पेंड कंची घालतीस?"

सारजा उंबऱ्यापतुर आली. मग म्हनली, "सरकी. भिजवून."