न्हावऱ्याच्या रस्त्यावरची चार पदं

वडील नोकरीत असतानाच गेले, म्हणून मला नोकरी लागली. रस्त्यांच्या खात्यात ते कारकून होते. त्यांच्याच ऑफिसात अनुकंपा तत्त्वावर मी टंकलेखक म्हणून रुजू झाले तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. आमचं घर शिरूरला. पहिल्या दिवशी मला त्यांचीच खुर्ची मिळाली. एका हाताचं लाकूड चिरलेलं होतं, त्याला त्यांनी सुतळी गुंडाळून ठेवली होती. ऑफिसातल्या कुणी ती सोडली नव्हती, मीही सोडली नाही.

न्हावऱ्याच्या पुढं दौंडकडं जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा चार माणसांच्या गँगकडं होता. कागदावर ते मैलकामगार, लोकांच्या तोंडी मैलकुली. खड्डे बुजवायचे, कडेच्या पट्टीवर मुरूम टाकायचा, पावसाळ्याआधी मोऱ्यांतला गाळ काढायचा, वळणावरची वेडी बाभूळ छाटायची, असं त्यांचं काम. त्या चौघांतले सगळ्यांत जुने होते ते दर महिन्याला हजेरीपट घेऊन ऑफिसात यायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांच्या आजोबांची मेंढरं होती. वडिलांनी ती विकून दोन एकर जिराईत घेतली, आणि मामा रस्त्यावर आले. मेंढरं नव्हती तरी चालण्याची सवय गेली नव्हती. आपला तुकडा ते रोज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून बघायचे.

पहिल्या महिन्यात त्यांनी मला सांगितलं की वडील हजेरीपट नेहमी दोनदा वाचायचे, एकदा गँगसाठी मोठ्यानं आणि एकदा मनात. मग मीही तसंच करू लागले. त्यांना ते आवडलं असावं. पुढच्या वेळी येताना त्यांनी रुमालात बांधून बोरं आणली.

माझं लग्न दौंडला झालं. नवरा शिक्रापूरजवळच्या एका कंपनीत होता, म्हणून आम्ही शिरूरलाच राहिलो आणि सणासुदीला, सासूबाईंच्या आजारपणाला एसटीनं दौंडला जात राहिलो. न्हावरे मागं पडलं की मी खिडकीशी सरकायची. कधी चौघं मोरीत उतरलेले दिसायचे, कधी तिघं खड्ड्यावर आणि एक जण रस्त्यात लाल झेंडी धरून. मामांनी मला ओळखलं की झेंडी दुसऱ्या हातात घेऊन ते कपाळाशी हात न्यायचे.

नवरा म्हणायचा, आमच्याकडं दहा माणसांचं काम एक मशीन करतं आणि तुमच्याकडं एका सहीला दहा माणसं लागतात. मला ते पटायचं, कारण मी ते रोज बघत होते. शेतकऱ्याला विहिरीचं पाणी रस्त्यापलीकडच्या रानात न्यायचं तर पाइप टाकायला आमची परवानगी लागायची. रस्त्याची रुंदी वीस फूट, पण परवानगीला सात-आठ खेपा. न्हावरे भागातले एक आप्पा उन्हाळाभर येत राहिले. त्यांचा कांदा वाळून गेला, त्यानंतर सही झाली. कागद हातात घेऊन ते निघून गेले. त्या दिवशी घरी मी म्हटलं होतं की या ऑफिसला निम्म्यावर आणलं पाहिजे, त्याशिवाय देशाचं काही खरं नाही. रागाच्या भरात बोलले नव्हते. सरकारनं हात आखडता घेतला, अडवणुकीची ताकद सोडली, तर माणसं आपापलं उभं राहतील, असं मला मनापासून वाटत होतं.

पुढं दोन-चार वर्षांत तसंच पत्र आलं. तिजोरीत खडखडाट आहे, नवी भरती बंद, आणि प्रत्येक ऑफिसनं गरजेपेक्षा जास्त असलेल्या पदांचा तक्ता पाठवावा. आमचे हेडक्लार्क नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा भरलेली नव्हती, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. साहेब पन्नाशीचे, सौम्य स्वभावाचे. त्यांनी मला आत बोलावलं.

"ऑफिसातली दोन दाखवा, नाहीतर बाहेरची चार," ते म्हणाले. "तुम्हीच बघा आणि तक्ता करून आणा."

ऑफिसातली दोन म्हणजे शिपाई आणि मी. खात्यात संगणक येणार अशी चर्चा होतीच. बाहेरची चार म्हणजे न्हावऱ्याची गँग. माझी मुलगी तेव्हा वर्षाची होती.

मी फार विचार केला असं म्हणता येणार नाही. जेवणाची सुट्टी संपली आणि मी तक्ता मशीनला लावला. पदनाम, संख्या, आणि शेवटच्या रकान्यात कारण: सदर काम कंत्राटी पद्धतीने करून घेणे शक्य आहे. साहेबांनी वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि सही केली. आज आहेत ती माणसं आहेत तशीच राहणार होती. निवृत्ती, बदली किंवा मृत्यू झाला की पद आपोआप रद्द व्हायचं. त्याला सरकारी शब्द व्यपगत. म्हणजे कुणाच्या ताटातली भाकरी काढली नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि ती बरेच दिवस टिकली.

गँग वितळायला दोन वर्षंसुद्धा लागली नाहीत. एक जण वयानं निवृत्त झाला. दुसऱ्याचे गुडघे गेले, त्यानं मुदतीआधी नोकरी सोडली. तिसऱ्याला दुसऱ्या रस्त्यावर माणूस कमी पडला म्हणून तिकडं हलवलं. तालुक्यातले खड्डे भरायचं काम एका ठेकेदाराला मिळालं. पाऊस उघडला की त्याचा टेम्पो एकदा यायचा, पाणी न उपसता खड्ड्यात डांबर ओतायचा आणि जायचा. मामांच्या तुकड्यावर ओढ्याजवळ एक जागा होती, तिथं खालून पाझर होता. आधी मोरी साफ करा, मग डांबर टाका, असं ते सांगत राहिले. ऐकायला कुणी नव्हतं. टेम्पोवरची पोरं परप्रांतातली, दर वर्षी वेगळी असत.

एका हंगामाच्या तोंडाला मामा ऑफिसात आले. पाटसच्या बाजूला ऊस घेऊन जाणारे ट्रॅक्टर सुरू झाले होते, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले. हजेरीपटावर आता एकच नाव होतं, त्यांचं. तरी मी तो दोनदा वाचला.

"एकट्यानं खड्डा भरायचा का झेंडी धरायची, येवढं साहेबांना इचारा," ते म्हणाले. "हंगामापुरता एक मानूस द्या. मागच्यावानी चौघं न्हाई मागत मी."

मी त्यांचा अर्ज लिहून दिला. साहेबांनी शिफारस करून वर पाठवला. उत्तर आलं की रोजंदारीवरसुद्धा माणूस घ्यायला मनाई आहे. ते उत्तर मामांना सांगताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, पदं कमी करायची यादी मी केली होती."

मग त्यांनी विचारलं, "आमची नावं हुती का त्यात?"

"नावं नव्हती. नुसती पदं."

"मग ठीक हाय," ते म्हणाले आणि हजेरीपटाची घडी करून उठले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या हंगामात एकदा दौंडला जाताना ते दिसले. लाल झेंडी खडीच्या ढिगात खोचलेली होती आणि मामा वाहनांकडं पाठ करून खड्ड्यावर वाकले होते. ड्रायव्हरनं जोरात हॉर्न देऊन गाडी बाजूनं काढली. त्यांनी वर बघितलं नाही. मीही हात केला नाही.

पौषातल्या एका सकाळी, धुकं विरलं नव्हतं तेव्हा, उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागून ते पडले. मागच्या ट्रॉलीचं चाक अंगावरून गेलं. ट्रॅक्टरवाला पळाला नाही. त्यानंच दुसरी गाडी थांबवून त्यांना दौंडला नेलं, पण वाटेतच ते गेले होते. साहेब अंत्यविधीला जाऊन आले. ऑफिसात दहा मिनिटं काम थांबवलं. दुपारी मी मामांचं सेवापुस्तक काढून शेवटची नोंद केली.

पेन्शनचे कागद घेऊन मी न्हावऱ्याला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. मामींनी मला पाणी दिलं. त्यांच्या मुलीनं एकेक कागद नीट वाचून आईचा अंगठा घेतला. ती बारावी झालेली होती आणि शिरूरला क्लास लावून टायपिंगची परीक्षाही पास झाली होती. तिनं सर्टिफिकेट आणून माझ्यापुढं ठेवलं. वडिलांनी सांगितलं होतं, ती म्हणाली, की ऑफिसातल्या बाई टायपिंगवरच लागल्या.

मामी म्हणाल्या, "तुमाला लागली तशी हिला लागंल ना?"

मी सांगायला हवं होतं. तिथंच, त्याच वेळी. पण मी म्हटलं, अर्ज करू. आणि तो अर्ज मीच लिहिला, चांगला चार ठिकाणी तपासून, वडिलांच्या वेळी माझा अर्ज ज्या शब्दांत लिहिला होता त्याच शब्दांत. साहेबांना मी विनंती केली. त्यांनी वर फोन केला, दोनदा केला. माझ्यासमोर केला, म्हणून मला माहीत आहे. चार महिन्यांनी उत्तर आलं आणि त्यावरून मुलीला द्यायचं पत्र मला टाइप करावं लागलं. सदर पद कर्मचाऱ्याच्या मृत्यूच्या दिनांकापासून व्यपगत झाले असल्याने आपल्या अर्जाचा विचार करता येत नाही.

पत्र पोस्टानं पाठवायची मला लाज वाटली, म्हणून मी स्वतः घेऊन गेले. मुलीनं ते आईला वाचून दाखवलं. व्यपगत या शब्दापाशी ती अडखळली, पण पुढं गेली.

मामींनी तिला विचारलं, "म्हंजी काय?"

"संपलं," मुलगी म्हणाली.

"त्ये तर आपल्याला ठाव हाय. आन् नोकरीचं काय लिवलंय?"

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी तिला सांगायला मदत केली नाही. मग तीच हळू आवाजात म्हणाली की नोकरीचंच तसं लिहिलंय. मामींनी पत्र हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि मला विचारलं, चहा टाकू का. मी नको म्हटलं. एसटी यायला तास होता, तो मी फाट्यावर उभ्यानं काढला.

पुढं पेन्शन सुरू झाली. ती वेळेवर मिळावी म्हणून मी धडपडले, आणि त्याचं समाधान मला मिळेल असं वाटलं होतं, ते मिळालं नाही. मामी कांदाकाढणीला जात राहिल्या. मुलगी शिक्रापूरला गेली. तिथं माळरानावर शेड उभ्या राहत होत्या, रस्त्याकडेच्या जमिनींचे भाव चढत होते. सुधारणा आली नाही असं मी म्हणणार नाही. ज्यांच्यापर्यंत यायची त्यांच्यापर्यंत ती आली. माझ्या नवऱ्याच्या कंपनीनं मात्र पाच-सहा वर्षांत जुनी माणसं कमी केली. त्यानं पैसे घेऊन नोकरी सोडली आणि शिरूरला झेरॉक्सचं दुकान टाकलं. आता तो दहा माणसं आणि एका सहीबद्दल बोलत नाही.

आमच्या ऑफिसात संगणक आला, मी शिकून घेतला. माझं पद टिकलं. खर्चात बचत झाल्याचा अहवाल मीच टाइप केला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण दारातल्या बाकावर पाइपलाइनच्या परवानगीसाठी माणसं तशीच बसून होती. साहेब बदलले, नव्या साहेबांना नवी गाडी आली. जी ताकद कमी व्हावी असं मला वाटत होतं, तिच्यातलं काही कमी झालं नाही. रस्त्यावर राबणारे हात तेवढे गेले. कापायचं कुठं हे कापणाऱ्यानंच ठरवायचं असेल, तर दुसरं काय होणार? मी तरी काय वेगळं केलं होतं?

मामांची मुलगी मला एकदा शिक्रापूरच्या चौकात भेटली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, पायात सेफ्टी शूज. ट्रकच्या आवाजात आम्हाला मोठ्यानं बोलावं लागत होतं. ती पॅकिंगला होती, ठेकेदाराकडून. दर सात महिन्यांनी ब्रेक देतात आणि पुन्हा नवीन म्हणून घेतात, असं तिनं सांगितलं. चार जणींनी मिळून खोली घेतली होती. मी विचारलं, आई कशी आहे. ती म्हणाली, गुडघे दुखतात, पण कामाला जाते. मला आणखी काही विचारायचं होतं, पण कंपनीची बस आली. तिनं मला वाकून नमस्कार केला, सगळ्यांच्या देखत, रस्त्यातच, आणि बसमध्ये चढून गेली.

त्या नमस्कारानं मी कितीतरी दिवस आजारी माणसासारखी वावरले. नोकरी सोडावी असं मनात आलं. पण माझ्या मुलीची फी होती, दुकान नीट चालत नव्हतं. सोमवारी मी नेहमीच्या वेळेला ऑफिसात गेले.