हातावरचं नाव

मुरुमच्या स्टँडजवळचा तो पंक्चरवाला बोलायचा कमीच. पाण्यातले बुडबुडे दाखवून "हितं" एवढंच म्हणायचा. तापानं गेलेल्या धाकट्या लेकीचं नाव त्यानं उजव्या हातावर गोंदून घेतलं, तेव्हापासून घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवायला तो डावाच हात घालू लागला. गोंदल्या जागी खपली धरली, खाज सुटली.

"खाजवू नका बरं," मी म्हणालो.

"न्हाय. गोंदणाऱ्यानं सांगितलंय, लईच खाजलं तर नुसतं थोपटायचं."

गिऱ्हाईक ताटकळलं तरी तो हात मांडीवर घेऊन हळूहळू थोपटत बसायचा.

परवा गेलो, तर खपली पार निघून गेली होती. थोपटणं मात्र चालूच होतं.

"अजून खाजतंय का?"

"कवाच थांबलं," तो म्हणाला. "जरा हळू बोला."